उशीवरची जाळी



या मालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा विडी कामगार स्त्रियांच्या प्रॉव्हिडंट फंडावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. मी 'बॉबिनची लेस' असा विषय लिहून पाठविला, तेव्हा त्यांनी फोन करून खात्री करून घेतली. खात्री करण्यासारखेच ते होते. आठवीत शाळा सोडून यंत्रमागावर उभा राहिलेला, पुढे संघटनेच्या कामात पडलेला, जे काही वाचले ते रात्री वाचलेला हा माणूस; याचा आणि लेसचा संबंध काय?

संबंध असा आला. काही वर्षांपूर्वी माझा पाय मोडला आणि अडीच महिने मी खाटेवर पडून होतो. सभा नाही, मोर्चा नाही, आणि वर्तमानपत्र किती वेळ वाचणार? आमच्या चाळीत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एक परिचारिका राहतात. सगळी चाळ त्यांना सिस्टर म्हणते. त्या एके संध्याकाळी एक घट्ट भरलेली उशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही बॉबिनवाले ना? मग हे करा." उशीवर दोऱ्याने गुंडाळलेल्या पंचवीस-तीस लाकडी काड्या लोंबत होत्या. बॉबिन म्हटले की मला वाटे, माझ्याइतक्या बॉबिनी कोणी हाताळल्या नसतील. पहिल्याच संध्याकाळी तो गर्व उतरला.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. आपण दुकानातून वाराच्या हिशेबाने परकराला लावायला आणतो ती लेस यंत्राची. आपल्या आया-बहिणी आकड्याच्या सुईने विणतात ते क्रोशाचे काम. त्यात एकच दोरा असतो आणि फाशातून फासा ओढला जातो. बॉबिनच्या लेसमध्ये दोरे अनेक, आणि फासा जवळजवळ नाहीच. ती वेणीची बहीण आणि मागाची चुलत बहीण आहे असे म्हटले म्हणजे कल्पना यावी. विणकराला ताणा आधी ताणून बसवावा लागतो आणि बाणा त्यातून आडवा धावतो. येथे ताणा कोणता आणि बाणा कोणता हे कायमचे ठरलेले नसते. आज ताण्यात असलेला दोरा दोन ओळींनंतर बाणा होतो.

साहित्य अगदी थोडे. भुसा किंवा गवत ठासून दगडासारखी टणक केलेली उशी. तिच्यावर जाड कागद, आणि त्या कागदावर नक्षीच्या प्रत्येक गाठीच्या जागी टोचलेले भोक. सोलापूरच्या श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. आपल्या चादरीच्या जकार्डाला भोकांचे पुठ्ठे असतात, तसाच हा पुठ्ठा. फरक एवढाच की, जकार्डात भोक यंत्राच्या आकड्याला हुकूम देते, आणि येथे ते टाचणी कोठे खोचायची हे माणसाला सांगते. मग टाचण्या, आणि बॉबिनी. बॉबिन म्हणजे वीतभराहून लहान लाकडी दांडी. वरच्या टोकाला दोरा गुंडाळायला गळा, खाली धरायला मूठ. दोरा सुटू नये म्हणून गळ्याशी एक उलटा फास द्यायचा, की बॉबिन आपल्या वजनाने लोंबते आणि दोरा ताठ राहतो. बॉबिनी नेहमी जोडीने चालतात. एकाच दोऱ्याची दोन टोके दोन बॉबिनींवर, आणि मधला भाग टाचणीला अडकवलेला.

आता खरी गंमत. कितीही रुंद लेस असो, बॉबिनी काही शेकडा असोत, हातात एका वेळी दोनच जोड्या, म्हणजे चार दांड्या असतात. आणि हालचालीही दोनच. मधल्या दोन दांड्यांपैकी डावीकडची उजवीकडचीवरून नेली, की तिला मी 'फुली' म्हणतो. प्रत्येक जोडीत उजवीकडची डावीकडचीवरून नेली, की तो 'पीळ'. संपले! फुली, पीळ, फुली असे केले की दाट कापड उतरते, अगदी धोट्याने विणल्यासारखे. नुसते फुली, पीळ केले की तिरपी, विरळ जाळी. फुली, पीळ, फुली, पीळ केले की आणखी एक घट्ट टाका. त्यानंतर दोन जोड्यांच्या मधोमध टाचणी खोचायची आणि पुन्हा टाका घालून ती बंद करायची. सगळे काम झाले, की टाचण्या उपटायच्या. मग जे हातात येते, त्याच्याखाली कापड नाही, कागद नाही; दोरा दोऱ्याच्या आधाराने उभा असतो. पहिल्यांदा टाचण्या काढताना माझा हात थरथरत होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

नवशिक्यांना 'तोर्शाँ' नावाचा प्रकार शिकवतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ पुसायचे फडके! चौकटीच्या कागदावर तिरप्या ओळींत भोके, जाडसर सूत, सरळ नक्षी. गरिबाची लेस म्हणून मोठ्या घरच्या बायका नाक मुरडीत. मी एक बोट रुंदीची, पुस्तकात खुणेला ठेवायची पट्टी करायला घेतली. खाटांचे पाय करणाऱ्या एका काताऱ्याकडून चोवीस जोड्या बॉबिनी करून घेतल्या. हे कशासाठी, असे त्याने तीनदा विचारले. एक पीळ चुकला, की चूक तेथे दिसत नाही. चार ओळी खाली गेल्यावर नक्षी एका बाजूला ओढलेली दिसते. मग चारही ओळी उलट्या क्रमाने सोडवीत मागे जायचे. पीळ, फुली, पीळ, फुली. संघटनेच्या हिशेबात बेरीज चुकली म्हणजे मी असाच मागे जातो. तेथे मात्र चिडचिड होते, येथे होत नाही. असे का, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि त्यासाठी इतिहास वाचू लागलो.

या लेसचा उगम सोळाव्या शतकात, इटली आणि फ्लँडर्सकडे. 1557 साली व्हेनिसमध्ये बॉबिनच्या लेसच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले. 1561 साली झूरिकमध्ये दुसरे निघाले. त्याच्या लेखिकेने आपल्या नावाची फक्त आर. एम. ही आद्याक्षरे दिली आहेत. ही कला 1536 साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर आपल्या गावी आली, असे ती बाई सांगते. शंभर वर्षांनी, 1670 च्या सुमारास, डच चित्रकार व्हर्मीर याने लेस विणणारी एक तरुणी रंगविली. ते चित्र पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे आणि ते शाळेच्या वहीच्या पानाएवढेच आहे. बोटांवर खिळलेली तिची नजर पाहिली, की काम करणाऱ्या माणसाला तिच्याशी बोलावेसे वाटणार नाही; मोजणी चुकेल तिची.

पण व्हर्मीरच्या त्या मुलीवरून धंद्याची कल्पना करू नये. इंग्लंडमध्ये बकिंगहॅम, बेडफर्ड, नॉर्थँप्टन या परगण्यांत खेडोपाडी लेस होत असे. तेथे लेसच्या 'शाळा' होत्या. शाळा म्हणजे एका झोपडीची खोली. पाच-सहा वर्षांची मुले, मुलींबरोबर मुलगेही, उशीपुढे ओणवी बसत. अमुक वेळात अमुक टाचण्या खोचल्याच पाहिजेत असा हिशेब असे, आणि तो राखण्यासाठी मोजणीची गाणी म्हणत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, पण ओवीत बाई आपले मन मोकळे करते. या गाण्यांत आकडे मोजायचे. धुराने सूत काळे पडेल म्हणून हिवाळ्यातही शेकोटी नाही. निखाऱ्याचे मडके झग्याखाली ठेवीत. रात्री एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेल्या काचेच्या कुप्या लावीत. कुपीतून प्रकाशाचा ठिपका प्रत्येकीच्या उशीवर पडे. जवळ बसणारीला चांगला उजेड, मागच्या रांगेला उरलेला. एका मेणबत्तीत किती डोळे जळाले याची नोंद कोणी ठेवली नाही.

आणि मजुरी? दलाल सूत आणि नमुना देई आणि लेस घेऊन जाई. पुष्कळदा पैशांऐवजी आपल्याच दुकानातला माल गळ्यात मारी. ही लूट इतकी माजली की, 1779 साली ब्रिटिश पार्लमेंटला लेस कामगारांची मजुरी रोखीनेच द्यावी असा खास कायदा करावा लागला. मी हे वाचले तेव्हा दोन घटका पुस्तक मिटून बसलो. आमच्या विडी कामगार बाया पाने आणि तंबाखू घरी आणतात, हजाराच्या भावाने विड्या वळतात. आणि शाखेत मोजून देताना 'छाट' म्हणून मूठभर विड्या बाजूला काढल्या जातात. त्यांची मजुरी नाही, आणि विड्या मात्र परत मिळत नाहीत. विडी कामगारांसाठी कायदा 1966 साली झाला. तो व्हावा म्हणून ज्यांनी हाडे झिजविली, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. पुढे 1867 साली 'भांडवला'च्या पहिल्या खंडात मार्क्सने या लेस शाळांतील मुलांची हकीकत सरकारी चौकशी अहवालांतून उतरून घेतली आहे. ती पाने मी पूर्वी दोनदा वाचली होती, पण लेस म्हणजे काय हे ठाऊक नसल्याने ती डोळ्यांखालून नुसती गेली होती. हातांनी चार टाके घातल्यावर ती वाचता आली.

यंत्र आले ते याच सुमारास. जॉन हीथकोट नावाच्या कारागिराने उशीवरच्या हातांचे निरीक्षण करून 1809 साली जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1816 च्या जून महिन्यात लफबरो येथील त्याच्या कारखान्यात लुडाइट शिरले आणि 55 यंत्रे फोडून गेले. पुढे काही जण फासावर चढले, हीथकोट डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनला निघून गेला, आणि यंत्रे वाढतच राहिली. मीही यंत्रमाग बंद पडताना पाहिले आहेत, म्हणून यंत्र फोडणाऱ्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. शतकाच्या मध्यापर्यंत यंत्राला जकार्ड बसले आणि ते नक्षीही विणू लागले. हाताच्या धंद्याचा अंत तेव्हाच ठरला. फक्त त्याला बरीच वर्षे लागली.

आणि येथे एक विचित्र गोष्ट घडली. धंदा म्हणून जी कला मेली, ती छंद म्हणून उठून बसली. 1976 साली इंग्लंडमध्ये लेस करणाऱ्यांची 'लेस गिल्ड' निघाली. पोटासाठी कोणी बसत नाही असे झाल्यावर, हौसेने बसणारे आले. त्या जुन्या परगण्यांतल्या हाडाच्या बॉबिनी आता लोक जपून ठेवतात. वजनासाठी त्यांच्या बुडाशी काचमण्यांचे कडे असे, आणि अंगावर नावे कोरलेली असत: प्रियकराचे नाव, मेलेल्या मुलाचे नाव, क्वचित गावच्या गुन्हेगाराच्या फाशीचे सालसुद्धा.

मला सर्वांत आवडणारे उदाहरण स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावाचे आहे. हे पाऱ्याच्या खाणीचे गाव. खाण 1490 पासूनची. खाणवाल्याच्या मजुरीत घर भागत नसे, म्हणून बायका लेस करीत. तेथे 1876 साली लेसची शाळा निघाली, आणि ती आजही चालू आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी खाण बंद पडली, शाळा राहिली. आता तेथे मुले आपली नेहमीची शाळा सुटल्यावर उशी घेऊन बसतात. 2018 साली युनेस्कोने स्लोव्हेनियाच्या या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. टाके तेच, उशी तीच. बदलले आहे ते एवढेच की, घड्याळ मुलाच्या मालकीचे आहे. तो केव्हाही उठून खेळायला जाऊ शकतो.

म्हणून 'छंद' हा शब्द मी जरा जपून वापरतो. आंध्रातल्या नरसापूरला क्रोशाची लेस होते आणि परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथे अभ्यास करून 1982 साली पुस्तक लिहिले. दिवसाचे कित्येक तास लेस करणाऱ्या त्या बायांना व्यापारी कामगार म्हणत नसत. गृहिणी म्हणत, फावल्या वेळात करतात असे म्हणत. एकदा फावला वेळ म्हटले, की मजुरी देण्याचे कारणच उरत नाही! आमच्या विडी बायांविषयी हेच वाक्य मी समोरच्या पक्षाच्या तोंडून वाटाघाटीत ऐकले आहे.

आपल्या देशातही बॉबिनची लेस आहे. 1820 च्या दशकात नागरकोईलला मिशनरी मार्था मॉल्ट यांनी मुलींना ही लेस शिकविली. तेव्हा तो मुलूख त्रावणकोर संस्थानात होता आणि तेथे गुलामगिरी होती. ती 1855 साली बंद झाली. त्यापूर्वी काही गुलाम मुलींनी लेसच्या कमाईतून आपली मुक्तता विकत घेतली, अशी नोंद आहे. म्हणजे याच टाक्यांनी इंग्लंडच्या पोरांचे डोळे घालविले आणि याच टाक्यांनी त्रावणकोरच्या मुलींची बेडी तोडली. दोष किंवा पुण्य दोऱ्याच्या माथी मारता येत नाही.

सिस्टरांच्या आईने त्याच भागात तरुणपणी वर्षानुवर्षे वाराच्या भावाने लेस केली. गेल्या दिवाळीनंतर त्या मुलीकडे आल्या होत्या. सिस्टरांनी त्यांना माझी उशी दाखवायला आणले. म्हातारीने पट्टीवरून बोट फिरविले आणि तमिळमध्ये काही विचारले. सिस्टर म्हणाल्या, "आई विचारते, वाराला काय मिळते?" मी म्हटले, काही नाही. हे त्यांना दोनदा सांगावे लागले. मग त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. चष्मा पुसला. सातव्या ओळीत एक पीळ राहिला होता, तो त्यांनी नखाने दाखविला. मला वाटले, आता त्या दुरुस्त करतील. पण त्यांनी बॉबिनी माझ्या हातात दिल्या, आणि सातव्या ओळीपर्यंत मी मागे जाईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.