अरुण कोलटकर : चित्रकाराची दृष्टी व कवीच्या भाषा

एखादा कवी दोन भाषांत लिहू लागला म्हणजे वाङ्मयेतिहासकार त्याची वाटणी करू लागतात. अरुण कोलटकर यांच्या बाबतीत असेच घडले. मराठी विभागात त्यांचा मराठी संग्रह अभ्यासावयाचा, इंग्रजी विभागात ‘जेजुरी’. ही वाटणी कितपत टिकते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास टाळता येण्यासारखा नाही.

कोलटकरांचा जन्म कोल्हापूरचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९५७ साली घेतली आणि पुढे जाहिरातीच्या क्षेत्रात आरेखनकार म्हणून नाव मिळविले. ‘जेजुरी’ १९७६ मध्ये व ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘जेजुरी’स त्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले.

आरेखनाचा व्यवसाय त्यांच्या काव्यापासून अलग नव्हता. ‘जेजुरी’त ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांचे वर्णन आहे. तेथे शब्द ओळीत न बसता पानावर वरखाली विखुरले आहेत. वाचकाची दृष्टी त्यांच्याबरोबर उड्या घेते. लेखन म्हणजे केवळ उच्चाराची खूण, ही समजूत अशा ठिकाणी अपुरी ठरते. अक्षरांची जागाही अर्थवाहक होते.

त्यांच्या भाषेसंबंधीही तेच म्हणता येईल. ‘मैं मैनेजर को बोला’ ही कविता मुंबईच्या बाजारी हिंदीत आहे, आणि तिची इंग्रजी आवृत्तीही त्यांनीच सिद्ध केली. म्हणजे भाषा दोन नव्हेत, तीन होतात. मुंबईची ही हिंदी ‘मुझे’ऐवजी ‘मेरे को’ म्हणते व निश्चयार्थक ‘च’ मराठीतून घेते. अर्धापूर-नांदेडकडील दखनीतही हा ‘च’ नांदतो. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास असे भाषामिश्रण परके वाटण्याचे कारण नाही. ज्याला आपण अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर ठेवतो, त्यातच या कवीने काव्य पाहिले.

कोलटकर २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात निवर्तले. हायपेशिया, कॅसँड्रा, कण्णगी अशा दूरदूरच्या स्त्रियांची दुःखे एकत्र आणणाऱ्या ‘भिजकी वही’स २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर लाभला. अखेरची ‘काळा घोडा’ची कवने मात्र इंग्रजीत, २००४ मध्येच आली. एका भाषेच्या चौकटीत या कवीचे अध्यापन केल्यास त्याचा काही अंश नव्हे, तर त्याची रीतच नजरेआड होते. दोन्ही विभागांनी त्याचे ग्रंथ एकत्र वाचणे, हाच त्यावरील उपाय होय.