वाटी कोणाच्या मापाची?

स्वयंपाकघरातल्या वाट्या एकदा ओट्यावर मांडून बघा. आमटीची वेगळी, खिरीची वेगळी, हळदीकुंकवाच्या वाणात आलेली इवलीशी वेगळी आणि बारशाला आजीने दिलेली चांदीची आणखी वेगळी. डॉक्टर किंवा अंगणवाडीताई ‘बाळाला अर्धी वाटी खाऊ घाला’ म्हणतात, तेव्हा त्यामागच्या तक्त्यातली वाटी 250 मिलीची असते. घरातली रोजची स्टीलची वाटी बऱ्याचदा दीडशेच्या आसपासच भरते. दुधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असतात, तिने पाणी ओतून पाहिलं की लगेच कळतं. म्हणजे तक्त्यातली अर्धी वाटी ही आपल्याकडची जवळजवळ भरलेली वाटी. ‘डॉक्टरांनी सांगितलं तेवढं तर देतोय’ असं म्हणणाऱ्या घरात बाळाच्या पोटात प्रत्यक्षात किती जातंय, याचा हिशेब इथूनच चुकायला लागतो.

लहान मुलांच्या खाण्याबाबत बहुतेक घरांत चूक दोन टोकांना होते. पहिल्या दीड-दोन वर्षांत आपण देतो ते कमी पडतं, आणि मूल चालतं-बोलतं झालं की गरजेपेक्षा जास्त भरवायला बघतो.

‘वरणाचं पाणी पचायला हलकं’

उष्टावण झालं की पहिला मान वरणाच्या पाण्याचा. कुकरमधलं वरण जरा स्थिर होऊ द्यायचं, वरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं, मीठ-हिंग घालायचं आणि चमच्या-चमच्याने पाजायचं. डाळ मात्र तळाशी राहते, ती मोठ्यांच्या आमटीत जाते. हलकं आहे खरं, कारण त्यात फारसं काही नसतंच.

बाळाच्या पोटाची धारणशक्ती वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिली धरतात. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी 240 मिलीच्या आसपास मावतं. तेवढी जागा पाण्याने भरली की बाळ तोंड फिरवतं, आणि घरचे म्हणतात, पोट भरलं! भरलंच असतं, पण कशाने? आईचं दूध व्यवस्थित चालू असेल, तर 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, 9 ते 11 महिन्यांत 300 आणि वर्षानंतर दुसऱ्या वाढदिवसापर्यंत 550. एवढी ऊर्जा पेज, वरणाचं पाणी आणि फळाचा रस यांतून भरून काढायची, तर बाळाला दिवसभर पीतच बसावं लागेल.

अन्न किती घट्ट हवं, याची परीक्षा सोपी आहे. चमच्यात घ्यायचं आणि चमचा जरा कलता करायचा. ओघळून गेलं तर पातळ, चमच्यातच बसून राहिलं तर बरोबर. गुरगुट्या भातात डाळ तळापासून घोटून घातली आणि वर चहाचा चमचाभर तूप सोडलं, तर तेवढ्या तुपातूनच 45 कॅलरी मिळतात, जागा मात्र फारशी अडत नाही. नाचणीच्या सत्त्वाचंही तेच. ते पिण्याजोगं नको, चाटण्याजोगं हवं.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मग हळूहळू अर्ध्या मोठ्या वाटीपर्यंत, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, असा तो तक्ता जातो. दिवसातून 6 ते 8 महिन्यांत दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यानंतर तीन-चार वेळा, शिवाय मध्ये एक-दोनदा खाऊ. वाटीच्या आकाराइतकंच या ‘किती वेळा’ला महत्त्व आहे आणि नेमकं तेच विसरलं जातं. मोठ्यांची दोन जेवणं म्हणून बाळाचीही दोन, असं करून भागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या बाईची गरज 1660 कॅलरी धरली आहे आणि 1 ते 3 वर्षांच्या मुलाची 1010. पंचावन्न किलोच्या आईच्या गरजेच्या साठ टक्के ऊर्जा त्या बारा किलोच्या जिवाला लागते. मोठ्यांच्या ताटाकडे पाहून ‘एवढंसं तर आहे, त्याला किती लागणार’ हा अंदाज बांधला, तर तो बरोबर येण्याची शक्यता फार कमी.

‘बाळसं उतरलं, पोर खातच नाही’

वर्ष उलटलं की गाडी रूळ बदलते. कालपर्यंत वाटी चाटूनपुसून खाणारं मूल आज दोन घास घेऊन उठतं, आजी हवालदिल होते, शेजारीण टॉनिकचं नाव सुचवते. वाढीचा तक्ता मात्र शांत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांप्रमाणे मध्यावरचा मुलगा जन्मतः 3.3 किलोचा, वर्षाचा होतो तेव्हा 9.6 किलोचा आणि दोन वर्षांचा होतो तेव्हा 12.2 किलोचा असतो. पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर वर्षाला दोन किलोच भर पडते. पहिल्या वर्षी सहा किलोंहून जास्त, दुसऱ्या वर्षी अडीच, मग दोन-दोन. वाढीचा वेगच असा उतरला, तर भूक त्याच चालीने कशी चालेल? शिवाय या वर्षांत उंची वाढत असते आणि चरबी कमी होत असते. गुटगुटीत बाळ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत काटकुळं दिसायला लागणं हा निसर्गक्रम आहे. आपल्याकडे गुबगुबीत गाल हेच तब्येतीचं प्रमाणपत्र मानतात, त्याला कोण काय करणार.

‘ही मानकं परदेशी मुलांची, आपल्याला कशाला’ असाही एक आक्षेप असतो. 2006मध्ये आलेली ही मानकं ज्या सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवर बेतली, त्यांत भारतही होता. दिल्लीतल्या मुलांची मापं त्यात आहेत.

‘सकाळपासून काही नाही खाल्लं’

हे खोटं नसतं, पण हिशेब एका जेवणाचा असतो. लीॲन बर्च या अमेरिकन संशोधिकेने सहकाऱ्यांसह 1991मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते पाच वर्षांच्या 15 मुलांनी सहा दिवस काय काय खाल्लं, ते काटेकोर मोजलं होतं. एकेका जेवणात मुलाचं खाणं सरासरी 34 टक्क्यांपर्यंत वरखाली होत होतं, पण दिवसभराची बेरीज केली तर हा फरक 10 टक्क्यांवर आला. सकाळी कमी खाल्लेलं मूल नंतर भरून काढत होतं, दुपारी चापून खाल्लेलं मूल रात्री सोडून देत होतं. म्हणून मोजायचंच असेल, तर आठवड्याचं मोजावं. दुपारच्या रिकाम्या-भरल्या ताटावरून रात्री घरात महाभारत घडवण्याची गरज नाही.

‘दोन घास आणखी’ या आग्रहाचं काय होतं, तेही तपासलेलं आहे. 2006च्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारची सूप दिली. एका सुपाच्या वेळी ‘संपव हं’ असं वारंवार सांगितलं, दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हटलं नाही. ज्याचा आग्रह नव्हता ते सूप मुलं जास्त प्यायली, आणि आग्रहाच्या सुपाबद्दल नाकं मुरडली. चिऊचा घास, काऊचा घास इथपर्यंत ठीक. त्यात गंमत असते, मुलाचं लक्ष घासावर आणि माणसावर असतं. मोबाईल समोर धरला की मूल तोंड उघडतं ते न बघता, आणि पोट भरल्याची खूण त्याला स्वतःलाही कळत नाही.

ताटात टाकायचं नाही, हा संस्कार मला मोडीत काढायचा नाही. त्याचा उपाय मात्र वाढणाऱ्याच्या हातात आहे: आधी कमी वाढावं. 2003मध्ये बर्च आणि सहकाऱ्यांनीच पाहिलं, की बालवाडीतल्या मुलांपुढे मुख्य पदार्थ दुप्पट वाढला तर ती तो 25 टक्के जास्त खातात, घासही मोठे घेतात. तीच मुलं स्वतः वाढून घेताना मोठ्या वाढपापेक्षा 25 टक्के कमी खात होती. ताट भरलेलं दिसलं की भूक नसतानाही खायचं, ही सवय अशी लागते. मग दहाव्या वर्षी आपणच म्हणतो, जरा आवर रे.

तीन वर्षांच्या मुलासाठी सुरुवातीचं वाढप म्हणून अर्धी पोळी, अर्धी वाटी भात, त्यावर घट्ट वरण आणि चमचाभर तूप, दोन-तीन चमचे भाजी एवढं पुरे. याच्या साधारण अडीचशे कॅलरी होतात; अशी तीन जेवणं आणि मध्ये दोनदा शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, केळं असं काही दिलं, की हजाराचा आकडा गाठला जातो. पुन्हा मागितलं तर पुन्हा द्यावं. चतकोर पोळी उरली तर उरली. काय वाढायचं आणि केव्हा, हे आपण ठरवावं. त्यातलं किती खायचं, ते मुलावर सोडावं. नवी भाजी तर आठ-दहा वेळा ताटात दिसल्याशिवाय बरीच मुलं तिला तोंडच लावत नाहीत. पहिल्या नकारावर ‘याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का मारून टाकणं घाईचं होतं.

‘जेवला नाही, निदान दूध तरी’

मला विचाराल तर सगळ्यात जास्त घोटाळा याच एका वाक्यात आहे. म्हशीच्या दुधाच्या 100 मिलीत शंभरच्या आसपास कॅलरी असतात. अडीचशे मिलीचे दोन पेले, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची निम्मी गरज दुधातच संपली. साखर आणि डब्यातली चॉकलेटी पावडर वेगळीच. मग जेवायला भूक कुठून येणार? जेवत नाही म्हणून दूध आणि दूध पितो म्हणून जेवत नाही, असं ते चक्र फिरत राहतं. वर दुधात लोह जवळजवळ नसतं. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्याची कारणं अनेक आहेत, पण पालेभाजी, डाळ, अंडं, मांस यांची जागा दूध अडवत असेल तर तेही त्यातलं एक. वर्षानंतर दिवसाला फार तर 400–500 मिली दूध पुरे, तेही जेवणाच्या तोंडावर नको. बिस्किटांचं गणितही पाहून ठेवावं: चार-पाच ग्लुकोज बिस्किटं कॅलरीत एका फुलक्याला भारी पडतात, आणि ती ‘खाणं’ म्हणून कोणी मोजत नाही.

भुकेवर सोडा, हे निरोगी मुलाला लागू आहे. आजारात भूक मरते, रक्तक्षयात मंदावते, आणि मुळातच कुपोषित असलेलं मूल मागत नाही म्हणून त्याला थांबवलं तर ते आणखी खचतं. तापातून, जुलाबातून उठलेल्या मुलाला पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं. वजन सलग दोन-तीन महिने जागचं हललं नसेल, तक्त्यावरची रेघ आपला पट्टा सोडून खाली घसरत असेल, किंवा मूल निस्तेज दिसतं, खेळायचं सोडून बसून राहतं असं वाटलं, तर वाट्या मोजत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. घेर 12.5 सेंटीमीटरच्या खाली गेला की लक्ष घालायला हवं, आणि 11.5च्या खाली गेला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं.