गोलमध्ये आज कोण?

अकरा जणांच्या संघात एकच जागा अशी आहे, जिथे दुसऱ्याला उभं करायचं तर पहिल्याला उठवावंच लागतं. ती जागा दोघांनी आळीपाळीने सांभाळावी का?

८ मार्च २०२१ची रात्र. गोव्यातलं बांबोळीचं स्टेडियम. करोनामुळे इंडियन सुपर लीगचा तो अख्खा मोसम गोव्यातच, बंद दाराआड खेळवला गेला. त्यामुळे गॅलऱ्या ओस पडलेल्या. मैदानात मुंबई सिटी आणि एफ. सी. गोवा. उपांत्य फेरीचा पहिला सामना २-२ असा सुटलेला, या दुसऱ्या सामन्यात कुणालाच गोल करता आलेला नाही. नव्वद मिनिटं झाली, वरचा अर्ध्या तासाचा जादा वेळही संपत आला. आता निकाल पेनल्टी किकवर लागणार हे उघड होतं.

नेमक्या त्या वेळी बाजूरेषेवर बदली खेळाडूंचे आकडे झळकले. गोव्याचा गोलरक्षक धीरज सिंग बाहेर, नवीन कुमार आत. मुंबईचा गोलरक्षक अमरिंदर सिंग बाहेर, फुरबा लाचेन्पा आत. अमरिंदर नुसता गोलरक्षक नव्हता, तो मुंबईचा कर्णधार होता! जवळपास सगळा मोसम त्यानेच मुंबईचं दार राखलं होतं. मुंबई साखळीत पहिली आली होती ती त्याच्याच नेतृत्वाखाली. आणि मोसमातल्या सर्वांत कठीण पाच-दहा मिनिटांसाठी त्यालाच बाकावर जाऊन बसायला सांगण्यात आलं.

पेनल्टी शूटआउट मुंबईने ६-५ असं जिंकलं. शेवटची निर्णायक किक मारणारा रॉलिन बोर्जेस मूळचा गोव्याचाच. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हेही आदल्या वर्षापर्यंत गोव्याच्या संघाकडे होते. पाच दिवसांनी, १३ मार्चला, फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात अमरिंदर पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. मुंबईने ए. टी. के. मोहन बागानला २-१ असं हरवून करंडक उचलला.

मग बदल बरोबर होता की नाही? गंमत अशी, की बदल दोन्ही संघांनी केला होता. त्यातला एक जिंकणार आणि एक हरणार हे ठरलेलंच होतं. म्हणजे त्या रात्रीचा दाखला देऊन ‘गोलरक्षक बदलावा’ असंही सांगता येतं आणि ‘बदलू नये’ असंही!

एका म्यानात दोन तलवारी

गोलरक्षक बदलण्याचे प्रकार दोन. एक असा, सामना संपता संपता, पेनल्टीपुरता. दुसरा त्याहून वादाचा : मोसमभर दोन गोलरक्षकांना आलटूनपालटून खेळवायचं. आज हा, उद्या तो.

वरवर पाहता त्यात वावगं काय आहे? आघाडीचे खेळाडू बदलतात, बचावफळीतले बदलतात. क्लबला वर्षाकाठी तीन-चार स्पर्धा खेळायच्या असतात, सगळ्यांना विश्रांती हवीच. पण गोलरक्षकाची गोष्ट वेगळी. तो फारसा धावत नाही, त्यामुळे त्याला तशी विश्रांती लागत नाही. त्याला लागते ती सवय. कोपऱ्यावरून आलेला उंच चेंडू कुणी घ्यायचा, त्याने पुढे येऊन की बचावपटूने डोक्याने, याचा निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. समोरच्या चौघांना मागच्या माणसाचा आवाज, त्याची पुढे येण्याची वेळ, त्याचा कमजोर पाय कोणता, हे सारं अंगवळणी पडलेलं असावं लागतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. दोघांमधून चेंडू निसटला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले, की समजावं, इथे ओळख कमी पडली.

त्यात १९९२ साली नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला. तेव्हापासून गोलरक्षक हा पायाने खेळणारा अकरावा खेळाडूही झाला. साहजिकच सवयीचा मामला आणखी वाढला.

इंग्लंडने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. १९७७ ते १९८२ या काळात रॉन ग्रीनवुड राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक होते. त्यांच्याकडे पीटर शिल्टन आणि रे क्लेमन्स असे दोन अव्वल गोलरक्षक. कुणाला डावलायचं? त्यांनी दोघांनाही आळीपाळीने खेळवायला सुरुवात केली. मात्र १९८२चा विश्वचषक आला तेव्हा स्पेनमध्ये पाचही सामने शिल्टनच खेळला. पाच सामन्यांत इंग्लंडवर गोल झाला तो एकच. निवड करायची वेळ आली तेव्हा ग्रीनवुड यांनाही एकच म्यान आणि एकच तलवार हवीशी वाटली, असाच याचा अर्थ.

आपल्याकडे गोव्याने तर जुन्या पद्धतीचाच दाखला दिला आहे. संतोष करंडकात १९८३ला बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद, १९८४ला पंजाबला १-० हरवून निर्भेळ विजेतेपद. दोन्ही वेळा गोलमध्ये होते ब्रह्मानंद शंखवाळकर. पुढे अर्जुन पुरस्कार आणि २०२२मध्ये पद्मश्री मिळालेले हे ब्रह्मानंद भारताचेही कर्णधार होते. त्यांच्या मागे बाकावर कोण बसायचं, हे आज गोव्यातही किती जणांना आठवत असेल?

वाटणी केली, पण…

आळीपाळी नको, पण वाटणी चालते, असं युरोपातल्या दोन मोठ्या क्लबांनी दाखवून दिलं. २०१३-१४च्या मोसमात रेआल माद्रिदच्या कार्लो आन्चेलोत्ती यांनी साखळी स्पर्धा दिएगो लोपेझला दिली. स्पेनचा चषक आणि चॅम्पियन्स लीग या दोन स्पर्धा इकेर कासियासला. दोन्ही चषक माद्रिदने जिंकले. पुढच्या वर्षी बार्सिलोनाने तेच केलं. साखळीत क्लाउडिओ ब्राव्हो, बाकी दोन्हींत तेर श्टेगन. तिन्ही विजेतेपदं बार्सिलोनाला!

यात आणि ग्रीनवुड यांच्या प्रयोगात फरक कोणता? इथे कुणाचं काम कोणतं, हे आधीच ठरलेलं होतं. शनिवारी आपण खेळणार की नाही याची धाकधूक नाही. एका चुकीने जागा जाईल ही भीती नाही. घरातसुद्धा दोन जावांनी कामं वाटून घेतली तर स्वयंपाकघर सुखाने चालतं. ‘बघू, आज कुणाला वेळ आहे’ म्हटलं, की भांडी वाजायला लागतात.

तरीही हा संसार फार काळ टिकत नाही, हेही सांगायला हवं. लोपेझ त्याच उन्हाळ्यात माद्रिद सोडून मिलानला गेला. ब्राव्होने २०१६मध्ये बार्सिलोना सोडून मँचेस्टर सिटी गाठलं. करंडक कितीही येवोत, अर्धी जागा कुणालाच पुरत नाही.

केपाच्या तीन रात्री

पेनल्टीपुरत्या बदलाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१४च्या विश्वचषकातलं. कोस्टारिकाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात हॉलंडच्या लुई व्हान गाल यांनी अखेरच्या क्षणी यास्पर सिलेसनला काढून उंचापुऱ्या टिम क्रूलला आणलं. क्रूलने दोन पेनल्टी अडवल्या, हॉलंड जिंकलं. क्रूलला बेत आधी ठाऊक होता, सिलेसनला मात्र तो सांगितलेला नव्हता. मैदानाबाहेर येताना त्याने चिडून पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. पुढचा सामना अर्जेंटिनाशी. तोही पेनल्टीपर्यंत गेला, पण तोवर हॉलंडचे तिन्ही बदल संपले होते. आता त्याच सिलेसनला उभं राहावं लागलं आणि हॉलंड ४-२ असं हरलं. चार दिवसांपूर्वी ‘पेनल्टीला हा नको’ असं सगळ्या जगासमोर ज्याला सांगितलं, त्याच्याकडून आणखी कोणती अपेक्षा ठेवायची?

चेल्सीच्या केपा अरिझाबालागाची कथा तर याहून विचित्र. फेब्रुवारी २०१९मध्ये इंग्लिश लीग चषकाच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकांनी पेनल्टीआधी त्याला बाहेर बोलावलं. केपा आलाच नाही! हात हलवून नकार देत तो मैदानातच थांबला आणि चेल्सी हरलं. ऑगस्ट २०२१मध्ये बेलफास्टला सुपर चषकात नेमकं उलट घडलं : मेंडीला काढून पेनल्टीसाठी केपालाच आणलं. त्याने दोन किक अडवून सामना जिंकून दिला. सहा महिन्यांनी लिव्हरपूलविरुद्ध पुन्हा तीच खेळी. लिव्हरपूलच्या अकरा जणांनी अकरा गोल केले, केपाला एकही अडवता आला नाही. शेवटी स्वतः किक घ्यायची पाळी आली, तर त्याने चेंडू आडव्या दांडीवरून बाहेर मारला.

आणि न बदलता? २० मार्च २०२२, फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, १-१. हैदराबादच्या गोलमध्ये गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी. एकशेवीस मिनिटं तोच उभा होता, पेनल्टीलाही तोच राहिला. त्याने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद ३-१ असं विजेतं ठरलं.

बाकावरचा माणूस

एवढं सगळं पाहिल्यावर, दर सामन्याला गोलरक्षक बदलणं शहाणपणाचं नाही, असंच म्हणावं लागतं. एफ. सी. गोवाने २०२०-२१च्या त्या मोसमात महंमद नवाज, नवीन कुमार आणि धीरज असे तिघे एकामागून एक वापरले. संघाची ओळख ज्याच्या आवाजाशी व्हायची, तो आवाजच तीनदा बदलला.

पण ‘पहिला तो पहिला’ म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. दुसरा गोलरक्षक रोज सराव करतो, प्रवास करतो, गणवेश चढवतो आणि तसाच उतरवतो. बदली आघाडीवीराला निदान शेवटची दहा मिनिटं मिळतात. याला मिळतात ती पहिल्याला दुखापत झाली तरच; आणि तेव्हा त्याने लगेच तयार असावं, ही अपेक्षा. सामनेच न खेळलेला माणूस तयार कसा राहणार? चषकाची एखादी स्पर्धा त्याच्या नावावर लिहून द्यावी, ती आधी जाहीर करावी आणि मग एखाद्या चुकीवरून शब्द फिरवू नये. पेनल्टीसाठी बदल करायचा तर तोही दोघांना आधी सांगून करावा. क्लबचा त्यात खर्च तो काय?

बांबोळीच्या त्या रात्री बाहेर काढलेल्या धीरजने महिन्याभरात उत्तर दिलं. एप्रिल २०२१मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये कतारचा अल रय्यान आणि अमिरातीचा अल वहदा या तगड्या संघांना त्याने फातोर्ड्यावर गोल करू दिला नाही. दोन्ही सामने ०-०.

आणि जो शेवटच्या मिनिटाला आत आला होता, तो सिक्कीमचा फुरबा लाचेन्पा? अमरिंदर त्याच उन्हाळ्यात मुंबई सोडून मोहन बागानकडे गेला. मुंबईने गोव्याच्या नवाजला आणलं, म्हणजे फुरबाला पुन्हा एक स्पर्धक. त्यालाही मागे टाकून फुरबाने जागा मिळवली. २०२३-२४च्या मोसमात सर्वोत्तम गोलरक्षकाचा ‘गोल्डन ग्लोव्ह’ त्यालाच मिळाला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मुंबईने मोहन बागानला ३-१ असं हरवलं, तेव्हाही गोलमध्ये तोच होता. बाकावर अर्थातच दुसरा गोलरक्षक बसलेला होता.