विहिरीतली गारगोटी वांद्र्याच्या हॉलमध्ये : दगड फोडण्याआधी हे वाचा

विहीर खोदताना काळ्या दगडात मध्येच पोकळी लागते. आत पांढरे, हिरवट, गुलाबी खडे चमकत असतात. आपण त्याला सरसकट गारगोटी म्हणतो आणि बहुतेक वेळा डबराबरोबर बांधावर टाकून देतो. असाच एखादा दगड पुढे वांद्र्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लाकडी स्टँडवर, खाली छोटा दिवा लावून ठेवलेला दिसतो. बांधापासून त्या स्टँडपर्यंत त्याची किंमत कशी वाढते आणि त्यातलं आपल्या हातात काय असतं, ते समजून घेऊ.

आपल्याकडेच एवढे स्फटिक का?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यातूनच सह्याद्री आणि दख्खनचं पठार घडलं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि हळूहळू स्फटिक तयार झाले. त्यातले बरेच झिओलाइट गटातले आहेत. पीच रंगाचा स्टिल्बाइट आणि सुईसारखा स्कोलेसाइट हे त्यातलेच. हिरवा किंवा पाण्यासारखा पारदर्शक ॲपोफिलाइटही त्यांच्यासोबतच सापडतो. नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या खाणींचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा गडद निळा कॅव्हन्साइट तर जगात नावाजलेला आहे. हे सगळं एकत्र बघायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक चक्कर मारा.

किंमत कशावर ठरते?

घर सजवणारं गिऱ्हाईक आकार, रंग आणि चमक बघतं. संग्राहक त्याहून बारीक बघतो. टोकं शाबूत आहेत का, स्फटिक मूळ दगडावरच बसलेला आहे का की फेविक्विकने चिकटवलाय, आणि तो नेमका कुठून निघाला. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. ठिकाण माहीत नसलेला स्फटिक अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धवट असतो. तो फक्त शोभेचा दगड उरतो.

मुंबईचंच उदाहरण घ्या. वांद्र्याच्या उत्तरेला मालाड-कांदिवलीत पूर्वी दगडखाणी होत्या. तिथून कापसाच्या बोंडासारखा पांढरा ओकेनाइट आणि फिकट हिरवा प्रेह्नाइट निघायचा. शहर वाढलं, खाणी बंद झाल्या. त्या ठिकाणचा नवा माल आता येणं कठीण. म्हणून 'मालाड' किंवा 'कांदिवली' अशी खात्रीची चिठ्ठी असलेल्या जुन्या तुकड्याला संग्राहक वेगळा मान देतात. चिठ्ठी हरवली की तो मानही गेला.

दलाल माल उचलतो तेव्हा ठिकाण मुद्दाम लपवतो किंवा विसरून जातो. ते ठिकाण खात्रीने माहीत असतं फक्त खोदणाऱ्याला. म्हणून पोकळी दिसली की आधी मोबाइलचं लोकेशन चालू करून तिथेच फोटो काढा. कागदावर गाव, तालुका, गट नंबर, किती फुटांवर लागली आणि तारीख लिहा. तो कागद दगडासोबतच ठेवा.

हाताळताना काय टाळायचं?

- स्फटिकावर थेट घण किंवा पहार मारू नका. आजूबाजूच्या दगडासकट मोठा तुकडा काढलेला बरा.
- ॲसिडने धुऊ नका. कॅल्साइट त्यात फसफसून विरघळतो आणि बऱ्याच झिओलाइटची चमक जाते. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.
- ओकेनाइटला पाणीही नको आणि बोटही नको. त्याचे केसासारखे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.
- चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. झिओलाइटच्या आत पाणी असतं, ते उडून गेलं की तडे जाऊ शकतात.
- सुरुंग उडाल्यावर लगेच खाली उतरू नका. न उडालेला सुरुंग जीव घेतो. सुरुंगवाल्याने हिरवा कंदील दिल्याशिवाय कुठल्याही दगडासाठी आत जायचं नाही.

जीवाश्माची गोष्ट वेगळी

शोभेच्या दुकानात शंखासारखे वळलेले ॲमोनाइटही दिसतात. त्यातले बरेच मादागास्करहून येतात, तर काळ्या दगडातले लांबट ऑर्थोसेरस मोरोक्कोहून. आपल्याकडचे जीवाश्म मात्र विकायच्या वस्तू समजू नका. वांद्र्याहून सी-लिंकने पलीकडे गेलं की वरळी लागते. तिथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. लाव्हाचे लोंढे येत असतानाही मधल्या काळात इथे पाणी होतं, जीव होते, हे अशा जीवाश्मांमुळेच कळलं. ते बेडूक तेव्हाच कुणाच्या शोकेसमध्ये गेले असते तर ही माहितीही गेली असती.

गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधम भागात डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली झाडं सापडली आहेत. अशा भागात काही दिसलं तर ते उपटू नका. फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा.

आणखी एक. समुद्रातले प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते 'डेकोरेशन पीस' म्हणून विकणारा अडकतो, तसा घेणाराही अडकू शकतो.

सातबारा आपला, खनिज कुणाचं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, वेगळा हक्क दिलेला नसेल तर जमिनीतल्या खनिजावर हक्क सरकारचा असतो. विनापरवाना गौण खनिज काढलं किंवा हलवलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन, मशीनही जप्त होऊ शकतं. म्हणून 'शेत माझं, दगड माझा' असं गृहीत धरून कुणाच्या टेम्पोत माल भरू नका. आधी तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयातल्या गौण खनिज शाखेला विचारा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.

परवानगीचा मार्ग मोकळा झाला तरी पहिल्याच दलालाला होकार देऊ नका. मागून-पुढून आणि बाजूने फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि दोन-तीन जणांकडून भाव घ्या. 'सगळा ढीग इतक्याला' असं कुणी म्हणालं तर चांगले तुकडे आधी बाजूला काढा. बहुतेक ढिगांत खरी किंमत दोन-चार तुकड्यांचीच असते, आणि ते ओळखणारा माणूस ढिगाचा भाव करत असतो.