मध्य विभागातील विदर्भ : एका हंगामाची बखर

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत हंगाम हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. मृगापासून दिवाळीच्या आगेमागे धान कापून पुंजणी रचली जाईपर्यंतचा तो शेतीचा हंगाम; उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलात मोहफुले आणि पुढे तेंदूपाने वेचली जातात तो रानाचा; आणि या दोहोंच्या मध्ये, भाऊबीजेच्या मंडयांपासून, वडसा म्हणजेच देसाईगंज येथील नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करीत फिरतात तो नाटकाचा. २०१७ च्या हिवाळ्यात आमच्याकडे चौथा एक हंगाम या तिघांच्या पंक्तीला येऊन बसला. आणि ज्या मुलखाने तोवर रणजी करंडक हे नाव वर्तमानपत्राच्या शेवटल्या पानावर वाचून ते पान पुड्या बांधण्यासाठी बाजूला ठेवले होते, त्या मुलखात पाच धावा, सात बळी, एकशे अठ्ठ्याण्णव हे आकडे धानाच्या भावासारखे तोंडोतोंडी झाले. त्या हंगामाची हकीकत नागपुराहून अनेकांनी लिहिली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, बाजूने ती लिहिली जावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हकीकतीचा आरंभ मात्र मैदानात नव्हे, दफ्तरात करावा लागतो. गोंड राजांचा चांदा अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १९०३ मध्ये निजामाकडून कायमच्या इजाऱ्याने घेतलेला वऱ्हाड त्याला जोडला गेला. या मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या नावाने एक क्रिकेट संघ रणजी स्पर्धेच्या आरंभकाळात खेळत असे, आणि चांदा जिल्हा, अहेरीच्या जमीनदारीसह व सिरोंच्याच्या तहसिलीसह, कागदोपत्री त्या संघाच्या मुलखात मोडत असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजधानी बदलली, उच्च न्यायालय बदलले, शाळेतली पाठ्यपुस्तके बदलली. पण क्रिकेटच्या वहीत हा फेरफार झालाच नाही. विदर्भ १९५७-५८ च्या हंगामात स्वतःच्या नावाने रणजी स्पर्धेत उतरला, आणि तो पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात यांच्या शेजारी न बसता मध्य विभागात, म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पुढे रेल्वे यांच्या पंक्तीला बसला. मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ एकाच राज्यातून आजही खेळतात याचे पुष्कळांना नवल वाटते. परंतु ज्याने जुन्या प्रांताचा नकाशा एकदा तरी न्याहाळला आहे, त्याला त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. राज्यकारभाराने पुसून टाकलेली एक सरहद्द खेळाच्या कारभाराने जतन करून ठेवली, आणि पुढे जे घडले ते त्या सरहद्दीच्या पोटातच घडले, असे माझे मत आहे.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलची मूळ रचना पुष्कळशी अशीच होती. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. त्यासाठी शेजारच्या विद्यापीठांनी मिळून प्रादेशिक मंडळे स्थापन केली. त्यांतले एक जुने व प्रतिष्ठित मंडळ १८९६ मध्ये शिकागोच्या आसपासच्या सात विद्यापीठांनी उभे केले, त्याला प्रथम वेस्टर्न कॉन्फरन्स म्हणत आणि पुढे बिग टेन. अशा मंडळाच्या लढतींमध्ये अखिल देशाच्या विजेतेपदापेक्षाही शेजाऱ्यावरचा विजय मोलाचा मानला जाई, कारण शेजारी दरवर्षी भेटे. आपल्याकडचे रणजीचे विभाग हे त्याचेच भावंड. २००२-०३ पासून विभागवार साखळी मोडली आणि बलाबल पाहून वरचा व खालचा असे गट आले. खालच्या गटाला इंग्रजीत प्लेट म्हणत, आणि त्या ताटावर विदर्भाने बरीच वर्षे काढली. मध्य विभाग तेव्हापासून दुलीप करंडकासारख्या स्पर्धांपुरता उरला.

या दीर्घ कालखंडाचे वर्णन मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडे आणि सहन करण्यासारखे पुष्कळ होते. नागपुरात जन्मलेले कोट्टारी कनकय्या नायडू १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पण त्यांची कर्तबगारी फुलली ती १९२३ पासून इंदूरला, होळकरांच्या आश्रयाखाली. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि ज्या नागपूरने नायडू दिले त्या नागपूरच्या संघाला करंडकाचे दर्शन घेण्यास १९५७ पासून साठ वर्षे लागली. विदर्भाकडून खेळून कसोटी सामन्यात उतरणारा पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव. २०११ पर्यंत विदर्भाला त्याची वाट पाहावी लागली. नागपूरजवळच्या वलनी या कोळसा खाणीच्या वसाहतीत, खाणकामगाराच्या घरी तो वाढला. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या आमच्या खाणपट्ट्यातील माणसांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पाळी सुटल्यावर काळवंडलेल्या कपड्यांनी मैदानाच्या कडेला उभा राहणारा बाप त्यांनी आपापल्या वसाहतीत पाहिलेला असतो.

२०१७-१८ च्या हंगामात अठ्ठावीस संघ सात-सातच्या चार गटांत विभागले होते. विदर्भ ड गटात होता. पंजाब, बंगाल, हिमाचल प्रदेश, छत्तीसगढ, सेनादल व गोवा हे इतर सहा. कर्णधार फैज फजल नागपूरचाच, बत्तीस वर्षांचा, भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळलेला. त्या एका सामन्यात, हरारेला, त्याने नाबाद पंचावन्न धावा काढल्या होत्या आणि तरीही पुन्हा त्याला बोलावणे आले नव्हते. त्या हिवाळ्यात त्याने ९१२ धावा केल्या. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित नुकतेच आले होते. मुंबईला करंडक जिंकून देण्याची सवय असलेला हा माणूस शिस्तीचा कडक, आणि त्याने विदर्भाच्या पोरांना पहिली गोष्ट कोणती शिकवली असेल तर ती पाहुण्यासारखे मैदानात न उतरण्याची, असे मला त्यांच्या खेळाकडे पाहून वाटते. मुंबईचा वासिम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश हे दोन परके, परंतु विदर्भाच्या टोपीशी पूर्ण इमान राखणारे फलंदाज त्या संघात होते. गटात विदर्भ अपराजित राहून पहिला आला. सुरतेला उपान्त्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला, आणि मग आली ती कलकत्त्याची लढत.

तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल. ईडन गार्डन्सवर १७ डिसेंबरला विदर्भ पहिल्या डावात १८५ धावांत गारद झाला. कर्नाटकने ३०१ केल्या, त्यातल्या एकट्या करुण नायरच्या १५३. ११६ धावांची पिछाडी डोक्यावर घेऊन विदर्भ पुन्हा खेळायला आला, आणि जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध खेळणाऱ्या सतीशने ८१ धावांची खेळी करून संघाला ३१३ पर्यंत नेले. कर्नाटकला विजयासाठी १९८ हव्या होत्या. चौथ्या दिवसाअखेर त्यांचे सात गडी १११ धावांत बाद झाले होते. म्हणजे २१ डिसेंबरच्या सकाळी एका बाजूला ८७ धावा आणि दुसऱ्या बाजूला तीन गडी, असा हिशेब शिल्लक होता.

ती सकाळ मी वडशाला होतो. आदल्या रात्री एका मंडळीचा प्रयोग पहाटे साडेचारला संपला होता. मांडवाच्या कनाती उतरत होत्या, जनरेटरचा धूर अजून हवेत होता, आणि नाटकातले तिघे-चौघे रंग न पुसता चहाच्या टपरीवर एका मोबाइलभोवती उकिडवे बसले होते. ज्याने रात्रभर पोलीस पाटलाची भूमिका केली होती त्याच्या मिशीचा एक कोपरा सुटून गालावर लोंबत होता, आणि तो एका हाताने ती मिशी दाबून धरीत दुसऱ्या हाताने पडदा खाली सरकवीत होता. कर्नाटकच्या विनय कुमार आणि श्रेयस गोपाल यांनी धावा जमवायला सुरुवात केली, तसतसा चहा गार होत गेला. विनय कुमार बाद झाला. मग अभिमन्यू मिथुन आला आणि त्याने बॅट मोकळी सोडली. तेहतीस धावा त्याने अशा काही त्वेषाने केल्या की टपरीवाल्याने स्टोव्ह मंद केला.

‘‘किती राह्यले जी?’’ मागून एका म्हाताऱ्याने विचारले. तो बैलगाडीवर धानाचे कट्टे घेऊन गिरणीकडे निघालेला.

‘‘लय कमी राह्यले, बुढ्या. अन् गडी पन एकच.’’

मिथुन गेला होता, अखेरचा एस. अरविंद आला होता. शेवटला बळी विदर्भाचा गोलंदाज रजनीश गुरबानी याचा. कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावा. गुरबानीने त्या डावात अडुसष्ट धावांत सात गडी बाद केले, दोन्ही डावांत मिळून बारा, आणि त्या सकाळचे तिन्ही बळी त्याचे. टपरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. मग पोलीस पाटलाने मिशी उपटून खिशात घातली आणि म्हाताऱ्याने, काही न समजल्यागत, पण चेहऱ्यावर समाधान घेऊन, बैलांना हाक मारली. तो म्हातारा ज्या गाडीवाटेने गेला तिच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्यांत पुंजणी उभी होती.

गुरबानीविषयी चार ओळी अधिक. हा नागपूरचा तरुण अभियांत्रिकीचा पदवीधर. महाविद्यालयाच्या परीक्षा आणि मैदान यांची सांगड घालण्याची धडपड ज्यांनी कधी केली आहे, त्यांना त्याचे मोल अधिक कळेल. त्या हंगामात त्याने सहा सामन्यांत एकोणचाळीस बळी घेतले, सरासरी सतराच्या आसपास. त्याची गोलंदाजी डोळे दिपवणाऱ्या वेगाची नव्हे. चेंडू यष्टींच्या रोखाने, चांगल्या टप्प्यावर, शेवटल्या क्षणी किंचित वळणारा. कष्टाळू माणसाची गोलंदाजी, आणि म्हणून मला ती प्रिय आहे.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर २९ डिसेंबरला सुरू झाला, दिल्लीविरुद्ध. नायडूंनी जेथे आयुष्याची बहुतेक वर्षे काढली आणि १९६७ मध्ये देह ठेवला, त्याच शहरात त्यांच्या जन्मगावचा संघ आपला पहिला अंतिम सामना खेळत होता. या योगायोगाची वाच्यता फारशी कोठे झाली नाही, ती व्हायला हवी होती. उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेल्याने आदित्य ठाकरे या कोवळ्या गोलंदाजाने याच सामन्यात पदार्पण केले. फजलने नाणेफेक जिंकून दिल्लीला फलंदाजी दिली. ध्रुव शोरीने १४५ धावांची मोठी खेळी केली, पण गुरबानीने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि स्वतः शोरी अशा तिघांना लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचित केले. रणजीच्या अंतिम सामन्यात असे यापूर्वी एकदाच, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने मुंबईविरुद्ध, केले होते. दिल्ली २९५. विदर्भाचे उत्तर ५४७ धावांचे. त्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकरचे कारकिर्दीतले पहिले शतक, १३३. आदित्य सरवटे ७९, जाफर ७८, सिद्धेश नेरळ ७४. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला, चार बळी ऑफस्पिनर अक्षय वखरेचे, आणि २९ धावांचे लक्ष्य एक गडी गमावून पार झाले. १ जानेवारी २०१८. विजयी फटका जाफरचा.

दोन महिन्यांनी नागपुरात इराणी करंडकासाठी शेष भारताविरुद्ध विदर्भाने सात बाद ८०० धावांवर डाव घोषित केला, जाफरच्या त्यात २८६. पुढल्या वर्षी सौराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला. मार्च २०२५ मध्ये, वाडकरच्या नेतृत्वाखाली, पहिल्या डावातील आघाडीवर केरळला मागे टाकून तो तिसऱ्यांदा मिळवला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीचा एका हंगामातील विक्रम केला, आणि कलकत्त्याला विदर्भाविरुद्ध १५३ करणारा करुण नायर आता विदर्भाच्या बाजूने शतक करीत होता.

आमच्या जिल्ह्यांचे या सगळ्यात स्थान कोणते, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, पुढे वाशीम व गोंदिया झाले, आठांचे अकरा जिल्हे झाले. पण संघाचे नाव विदर्भ तेच राहिले आणि मैदाने नागपूरची. चंद्रपूरच्या मुलाला नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर जायचे तर सुमारे दीडशे किलोमीटर. सिरोंच्याच्या मुलाला, जेथे प्राणहिता गोदावरीला मिळते, सुमारे साडेतीनशे. प्रशिक्षकाच्या नजरेस पडण्यासाठी पहाटे निघालेला मुलगा आलापल्लीच्या रानातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत निवडचाचणी निम्मी आटोपलेली असते. त्या नावात आपण आहोत असे आमचे लोक मानतात, आणि हे मानणे खोटे नाही. त्या सकाळी वडशाच्या टपरीवर ते किती खरे होते ते मी पाहिले. परंतु नाव ही सनद आहे, आणि सनदेबरोबर जमीन मिळावी लागते.

इकडली मुले खेळत नाहीत असे कोणी समजू नये. आमच्याकडे धान कापण्यापूर्वीच उभ्या पिकात लाखोळी फेकतात, त्यामुळे कापणीनंतर बहुतेक बांध्यांत पुन्हा पेरा उगवलेला असतो आणि खेळायला मोकळी बांधी शोधावी लागते. गेल्या जानेवारीत मूल तालुक्यातील एका गावाबाहेर मला अशी एक दिसली. बांबूच्या तीन काठ्या रोवलेल्या, धानाचे खुंट अजून टोचणारे, म्हणून मुलांनी चेंडू टाकण्याची पट्टी तेवढी फावड्याने साफ केली होती. गोलंदाजी करणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा. त्याला धाव घ्यायला जागा पुरेना, कारण मागे पाण्यासाठी घातलेला धुरा आडवा येत होता. दोनदा अडखळला. मग तो धुऱ्यापलीकडच्या बांधीत गेला, पावले मोजली, टाचेने खूण केली, आणि तेथून धावत येऊन, धुऱ्यावरून उडी मारून, त्याने चेंडू टाकला.

काठी पडली नाही. तो पुन्हा खुणेकडे चालत गेला.