पोझ शोधताय? आधी भार कुठे पडलाय ते बघा

मानवाकृती जिवंत वाटावी म्हणून आपण हात उंचावतो, पाय फाकवतो, तरी चित्र ठोकळ्यासारखंच दिसतं. कारण हावभाव हातापायांत नसतो, शरीर आपला भार कसा पेलतं यात असतो. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं एद्गार दगाचं ‘नृत्यवर्ग’ हे चित्र बघा. म्हातारे शिक्षक ज्यूल पेरो काठीवर रेललेत आणि डावीकडे पियानोवर बसलेली मुलगी हात मागे नेऊन चक्क पाठ खाजवतेय. तिच्या अंगात नृत्याची एकही मुद्रा नाही, पण तिचा शीण मात्र लगेच कळतो! शिल्पकार रोदँही मॉडेलना पोझ देऊन बसवण्याऐवजी स्टुडिओत मोकळं वावरू द्यायचा, ते याचसाठी.

कुणी म्हणेल, मग अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी? तो तर ठरीव त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी बाक असलेल्या मुद्रेत आहे, तरी किती जिवंत! बरोबर. पण त्रिभंगाच्या मुळाशीही भारच आहे. भार एका पायावर आला की कंबर एकीकडे कलते आणि खांदे उलट बाजूला. संकेताने हे निरीक्षण पक्कं केलं, पुसलं नाही. उडी मारणाऱ्या माणसाचा भार कुठेच टेकलेला नसतो, हा आक्षेप अधिक अवघड आहे. तिथे जमीन रेटल्याचा ताण टाचेपासून मानेपर्यंत एका वाकात शोधावा लागतो. म्हणून सुरुवात बसथांब्यावर ताटकळणाऱ्यांपासून करा: आधी खांद्यांची तिरकी रेघ, मग कमरेची, चेहरा सगळ्यात शेवटी.