पेठेतला स्टॉपर आणि कागलची शिफ्ट

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. यातल्या बऱ्याच संघांचं मूळ तालमीत आहे. जिथे लाल माती, जोर-बैठका, गणेशोत्सव आणि शिवजयंती, तिथेच बूट चढवून मैदानावर निघणारे अकरा खेळाडू. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे केएसएने, पेठांमधल्या या ईर्ष्येला लीगची शिस्त लावली. छत्रपती घराण्याने खेळाला आश्रय दिला. शाहू स्टेडियमवर लीग संपते न संपते तोच चषक स्पर्धा सुरू होतात आणि महत्त्वाच्या सामन्याला गॅलरी खचाखच भरते. देशात स्थानिक सामन्यांना अशी गर्दी फार थोड्या शहरांत होते.

या गर्दीला गोल करणाऱ्यांची नावं पाठ असतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, आणि तोही आघाडीचा खेळाडू. मागे उभं राहून आक्रमणं परतवणाऱ्या स्टॉपरच्या वाट्याला एवढं कौतुक येत नाही. त्याची चूक मात्र वर्षभर कट्ट्यावर चघळली जाते.

स्टॉपर घडतो कसा, हे पाहायचं तर सकाळी गांधी मैदानावर जावं. उंच, अंगापिंडाने दणकट पोराला बहुधा लवकरच मागे उभं केलं जातं. तिथे तो पहिला धडा शिकतो तो टप्प्याचा. इथली जमीन उन्हाळ्याकडे टणक होत जाते. उंच आलेला चेंडू एकदा टप्पा घेऊ दिला, की तो डोक्यावरून मागे जातो आणि फॉरवर्ड मोकळा सुटतो. म्हणून टप्प्याआधीच पुढे सरसावून हेडर मारायचा, तोही मान ताठ ठेवून, कपाळाने. दुसरा धडा पायांचा. समोरचा चेंडू घेऊन अंगावर आला तर लगेच पाय घालायचा नाही. कुस्तीत पैलवान जसा वजन चवड्यांवर ठेवून समोरच्याच्या हालचालीची वाट पाहतो, तसं थोडं तिरकं उभं राहून त्याला कडेला ढकलत न्यायचं. तिसरा धडा तोंडाचा. गोलीशी आणि दोन्ही साईड बॅकशी सतत बोलायचं. चेंडू बाहेर काढला की सगळ्यांना वर ओढायचं. गप्प स्टॉपर कितीही ताकदवान असला तरी संघाच्या उपयोगाचा नाही.

हे सगळं अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत घरून पोटापाण्याचा प्रश्न येतो. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला पोरगा मग शिरोलीला, गोकुळ शिरगावला किंवा हायवेने थेट कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत रेमंडच्या कापड प्रकल्पापासून इंजिनिअरिंगच्या कारखान्यांपर्यंत रोजगाराच्या अनेक जागा आहेत. शहरापासून अंतर वीसेक किलोमीटर. अंतर फार नाही. खेळाडूला अडवतं ते घड्याळ. फर्स्ट शिफ्ट दुपारी तीनच्या सुमाराला सुटत असेल, तर दुपारच्या सामन्याला तो पोहोचत नाही. थर्ड शिफ्ट करून आला, तर सकाळच्या सरावाला डोळे उघडत नाहीत. कंत्राटावरच्या पोराला खाडा परवडत नाही. त्याने हळूहळू सराव सोडला, की संघ नवा पोरगा शोधतो. विशीत लागणारं हे ग्रहण स्टॉपरला जास्त बाधतं, कारण त्याचा खेळ पिकतोच पंचविशीनंतर.

इंग्लंडमध्ये खालच्या लीगमधल्या बचावपटूची सुरुवात याहून फार वेगळी नसते. स्टुअर्ट पिअर्स वेल्डस्टोन या छोट्या क्लबकडून खेळताना इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. १९८३ मध्ये कॉव्हेंट्रीने त्याला ३०,००० पाउंडांत घेतलं. पुढे तो इंग्लंडसाठी ७८ सामने खेळला. टायरन मिंग्ज चिपनहॅमकडून खेळताना गृहकर्ज सल्लागाराची नोकरी करत होता. २०१२ मध्ये इप्सविचने त्याला सुमारे १०,००० पाउंडांत घेतलं आणि २०१९ मध्ये तो इंग्लंडच्या संघात होता. डॅन बर्नला न्यूकॅसलने लहानपणीच सोडून दिलं, पुढे त्याने सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या ढकलल्या. त्याच न्यूकॅसलकडून २०२५ च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने हेडरने गोल केला आणि त्याच महिन्यात वयाच्या ३२ व्या वर्षी इंग्लंडकडून पदार्पण केलं. नोकरी करत खेळणाऱ्याला तिथे वर चढायला पायऱ्या आहेत. एका लीगमधून वरच्या लीगमध्ये जाता येतं, आणि वरच्या क्लबांची माणसं खालच्या सामन्यांना येऊन बसतात. कोल्हापूरच्या पोरात जिद्द कमी नाही. केएसए लीगच्या वर त्याला पुढची पायरी दिसत नाही, एवढंच.

आणि कारखान्याने फुटबॉल सांभाळणं आपल्याकडे नवं नाही. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीने १९७१ मध्ये संघ उभारला. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन यांना घेऊन तो १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये तीच लीग जिंकली. महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला, जेसीटीचा २०११ मध्ये. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकट्या कंपनीच्या मर्जीवर उभा असलेला संघ कंपनीचं मन फिरलं की संपतो. कोल्हापुरात हा धोका कमी आहे, कारण इथे संघ पेठेचा आहे. मालक बदलले, मंदी आली, तरी तालीम राहते. म्हणून कागलच्या कारखान्यांनी स्वतःचे संघ काढण्याची गरज नाही. पेठेतला खेळाडू टिकेल एवढी सोय करावी.

त्याला फार पैसा लागत नाही. लीगच्या काळात नोंदणीकृत खेळाडूला सोयीची शिफ्ट द्यावी. सामन्याचा दिवस खाडा धरू नये. वसाहतीत एक सपाट, पाणी मारलेलं मैदान राखावं आणि वर्षातून एकदा कारखान्यांची आपसात स्पर्धा घ्यावी. तालमींनीही आपली बाजू सांभाळावी. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे स्पर्धा थांबण्याची वेळ येते, तेव्हा पहिला फटका खेळाडूलाच बसतो. भांडणारं मंडळ पाहून कोणता उद्योजक आपलं नाव त्याच्याशी जोडेल?

कागलच्या उद्योजकांना एवढीच विनंती आहे, की यंदा आपल्या हजेरीपुस्तकात केएसए लीगचे खेळाडू किती आहेत ते एकदा बघा आणि पुढच्या मोसमाचं शिफ्टचं वेळापत्रक त्यांना विचारून लावा.